रुमालाखालचा हात

शेषेरावांनी रुमालाखाली माझी बोटं धरली आणि लगेच सैल सोडली. एवढंच झालं. आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही, कळण्यासारखं दिसलंही नाही. वर पांढरा रुमाल, त्याच्याखाली दोघांचे दोन हात, आणि आम्ही दोघं समोरच्या तुरीच्या ढिगाकडं बघत बसलेलो. आमच्या आडत बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याच्या बाजूनं आडत्या बसतो, घेणाऱ्याच्या बाजूनं माझ्यासारखा एखाद्या डाळ मिलचा खरेदीदार, आणि मधे रुमाल. मूळ भाव दोघांनाही ठाऊक असतो, त्याच्या वर किती एवढंच बोटांत ठरतं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा म्हणजे पाच. समोरच्याला मान्य नसेल तर तो हात काढून घेतो. मान्य असेल तर तीच बोटं दाबून धरतो आणि सौदा पक्का होतो; मग कुणी फिरत नाही. त्या दिवशी मला तीन म्हणायचं होतं आणि माझ्या हातानं चार म्हटलं. हात मी तीनच बोटांना घातला होता, पण माझी मधली बोटं सकाळपासून वळत नव्हती, पकड घसरली आणि शेषेरावांचं चौथं बोटही मुठीत आलं. दुष्काळ असला तरी त्या किडक्या तुरीला चार कुणी दिले नसते. शेषेराव आडत्या माणूस, त्यांनी ते चार दाबून घेतले असते तर बाजारात कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी घेतले नाहीत. उलट माझी तीन बोटं धरली, म्हणजे तुला तीनच म्हणायचं होतं ते मला कळलं, असं. आणि दाबायला गेले तेव्हा त्यांना माझे सुजलेले सांधे लागले असणार. मग त्यांनी दाबलंच नाही. आजारी पोराच्या कपाळावरून हात काढावा तसा हात काढला, आणि मोठ्यानं हमालाला म्हणाले, "भरा रे हे, आप्पासाहेबांच्या मिलला."

मला त्यांचा राग आला. त्यांनी मला फसवलं असतं तर मी घरी जाऊन दोन शिव्या दिल्या असत्या, आप्पासाहेबांच्या दोन खाल्ल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो असतो. फसवणं ही बाजारातली इज्जतच आहे, बरोबरीच्या माणसाला माणूस फसवतो. शेषेरावांनी मला सांभाळून घेतलं. वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही सांभाळून घेतलं नव्हतं. माझा आजार मी सगळ्यांच्या डोळ्यांपासून लपवला होता. चालताना पाय ओढतो हे दिसू नये म्हणून दुकानादुकानाशी थांबून रामराम करत चालायचो, पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो म्हणून चहाच सोडला होता, आणि लोक म्हणत संगप्पा पित्ताचं पथ्य पाळतो. पण बाजारात डोळ्यांना काम नव्हतंच. तिथं माणूस माणसाला रुमालाखाली हातानं वाचतो, आणि माझं जे काही लपवायचं होतं ते नेमकं तिथंच होतं.

हा हात मला बापानं दिला. बाप उदगीरच्या बाजारात हेच करायचा. जेवण झालं की घोंगडीखाली माझा हात घ्यायचा, बोटं धरायचा आणि विचारायचा, किती. मी चुकलो की काही बोलायचा नाही, नुसता हात काढून घ्यायचा, आणि तो हात निघून गेला की घोंगडीखाली जी रिकामी जागा राहायची ती मला मारण्यापेक्षा जास्त लागायची. पुढं मी लातूरला आलो, आप्पासाहेबांच्या डाळ मिलवर लागलो, आणि बाजारात मला नाव राहिलं नाही. लोक म्हणायचे, आप्पासाहेबांचा हात आला. आप्पासाहेब स्वतः बाजारात येत नसत. बाजाराला लागूनच असलेल्या मिलच्या गादीवर लोडाला टेकून बसायचे आणि विचारायचे, "हात काय म्हणतो?" हाताला विचारल्याशिवाय ते माल घेत नसत. मला त्याचं फार सुख होतं, खोटं कशाला बोलू. माझं लग्न झालं तेव्हा लग्न लावणाऱ्या स्वामींनी नीलाबाईचा हात माझ्या हातात दिला, तिनं घाबरून माझा अख्खा पंजा घट्ट धरला, आणि सगळे मंत्र चालू असताना माझ्या डोक्यात एकच आलं, पाच. पुढं कधीतरी मी तिला ते सांगितलं, की तू घासाघीस न करता पाच देऊन बसलीस. ती म्हणाली, "तुमचा बाजार तुमच्यापाशी. मला शिकवू नका." आणि तिनं तो खरंच कधी शिकून घेतला नाही.

आजार आला तो सकाळी उठताना आला. एका सकाळी मूठ मिटेना. झोपेत हात अंगाखाली गेला असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या हिवाळ्यात मूठ उघडेना. मग गुडघे, मग पायाचे चवडे, आणि ताप नसताना ताप असल्यासारखी कणकण. गावातल्या वैद्यानं आमवात सांगितला, सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यालाच इंग्रजी नाव दिलं. चांगले होते डॉक्टर, त्यांनी मला बसवून माझी बोटं एकेक करून पाहिली. इतक्या जणांनी माझी बोटं धरली आहेत, पण भाव न बोलता धरणारा तो पहिलाच माणूस. मी विचारलं, बरं कधी होईल. ते म्हणाले, हा बरा होत नाही, हा सांभाळायचा असतो. गोळ्या चालू ठेवा, दुपारी पडा, उभं राहण्याचं काम कमी करा, आणि हाताला काम देऊ नका. परतीच्या एसटीत मी ते वाक्य चघळत बसलो होतो. लातूरला उतरलो तर स्टँडजवळ रस्ता बंद. नव्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा चालला होता, बायका, म्हातारे, डोक्याला फडकी बांधलेले गडी, सगळ्यांचा एकच आवाज, हाताला काम द्या. जिल्हा नवा होता, कचेरी नवी होती, पाऊस तेवढा नव्हता. सलग दुसरं साल कोरडं गेलं होतं आणि सगळ्या तालुक्यांतून लोक रोजगार हमीची कामं मागायला येत होते. मी गोळ्यांची पिशवी छातीशी धरून बाजूला उभा राहिलो. मोर्चातल्या एका बाईनं माझ्याकडं पाहिलं, स्वच्छ धोतर, टोपी, कपाळाला भस्म, आणि तिच्या नजरेत जे होतं ते मला पटलं. आपल्या हाताला काम नको म्हणून दवाखान्यात पैसे देऊन आलेला मी एकटाच असेन त्या रस्त्यावर.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा होत नाही तोवर तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. मी कधी घातला नव्हता, बाप वारला त्या सकाळीही नाही. आता सकाळी तळहात सपाट होत नाही. बोटं आत वळलेली, मनगट तिरकं. लिंग ठेवलं की ते कडेला सरकतं. हात मोकळा व्हायला गोळी लागते. गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, पोट जळतं. आणि पूजा झाल्याशिवाय खायचं नाही. म्हणजे गोळीसाठी भाकरी, भाकरीसाठी पूजा, पूजेसाठी हात आणि हातासाठी गोळी. मी रोज सकाळी पाटावर बसून या चक्रात फिरायचो. गरम पाण्यात हात घालून बसावं तर पाणी मोजकं, टँकरचं. ऊन वर यायचं, बाजाराची वेळ व्हायची, नीलाबाई चुलीपाशी भाकरी झाकून बसायची. तीही माझ्याआधी खात नसे. एक दिवस ती म्हणाली, "मी खालून हात धरते, तुमी वर लिंग ठेवा." मी म्हणालो, "पूजा माझी हाय का तुझी?" तिनं झाकलेली भाकरी चुलीच्या उबेला सरकवली. पुन्हा म्हणाली, "मग हातात फडकं तरी घ्या, घडी करून. सपाट हुईल." मी फडकंही घेतलं नाही. मला वाटायचं, आज फडकं घेतलं की उद्या पाटावर ठेवून करू, परवा नुसता नमस्कार करू, आणि एकेक करत सगळं जाईल. नीलाबाईचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, तिला फार झालं की ती कानडीत म्हणते, साकु, म्हणजे पुरे. ती झाकलेल्या भाकरीकडं बघून तेवढंच म्हणायची. मग एका सकाळी मला सहन झालं नाही. ती मागं राखुंडी आणायला गेली होती. मी उठून डब्यातला भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, त्यावर गोळी घेतली आणि परत पाटावर येऊन बसलो. हात मोकळा झाल्यावर पूजा केली. लिंग तळहातावर नीट बसलं, आणि मी त्याच्याकडं पाहू शकलो नाही. नीलाबाईनं डब्यातली मोडलेली भाकरी पाहिली असणार. त्या दिवसापासून ती रोज एक तुकडा वेगळा काढून ठेवू लागली आणि त्याच वेळी राखुंडीला मागं जाऊ लागली. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही. मी देवाला चोरून खातो आणि बायको मला चोरी करू देते, असा आमचा संसार झाला.

आणखी एक गोष्ट होती, ती मी नीलाबाईलाही सांगू शकत नव्हतो. मला दुष्काळ हवा होता. शेतं करपली, बाजारात माल येईना, जिथं ढिगांच्या रांगा लागायच्या तिथं कुत्री झोपू लागली. बीदर, भालकीकडून कधी थोडी तूर आली तर आली. दिवसाला एखादाच सौदा. हमाल गोलाईच्या चौकात उन्हात बसून राहायचे, मिलचा पट्टा अर्धा वेळ बंद, आप्पासाहेबांचा रक्तदाब वाढलेला, आणि मी आतून निवांत. एका सौद्यापुरता हात मी सांभाळू शकत होतो. सकाळपासून तो उबेत ठेवायचा, कशाला लावायचा नाही, त्या एका वेळेसाठी राखायचा. लोक आभाळाकडं बघायचे तेव्हा मीही बघायचो. पश्चिमेला जरा काळं दिसलं की सगळ्यांचे चेहरे खुलायचे आणि मी हात उपरण्यात ओढून घ्यायचो. पाऊस पडला की पेरण्या, पेरण्या झाल्या की सुगी, सुगीत दिवसभर सौदे, एका रुमालातून निघून दुसऱ्यात हात. अख्ख्या जिल्ह्यात पाऊस नको असणारा माणूस मी होतो. मला याची लाज वाटायची, आणि लाज वाटूनही ढग पांगले की बरं वाटायचं. आमच्या गल्लीत टँकर आला की गड्यांनी बायकांना घागरी उचलू लागायची रीत पडली होती. मी ओट्यावर उभा राहायचो, दोन्ही हात उपरण्यात. शेजारची तारामती एकदा म्हणाली, "अण्णा, एवढी घागर धरता का वो जरा?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. नीलाबाई आली, आधी तिची उचलून दिली, मग आपली घेतली. तारामती तिला म्हणाली, अगदी मला ऐकू येईल असं, "मालकाला लई शेटजीपना आलाय." नीलाबाई म्हणाली, "हाव, आलाय." मला माजोरी म्हणवून घेणं तिला चालत होतं, आजारी म्हणवून घेणं चालत नव्हतं, कारण मला चालत नव्हतं.

शेषेरावांनी बोटं सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मला बाजाराच्या दारात भेटले. थांबून वाट पाहत होते असं वाटलं. "अण्णा, हाताला काय झालंय?" मी म्हणालो, "दारात सापडला." "दोनी हात?" "हाव, दोनी." ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "माझ्या आईला व्हतं असंच. ती शेवटाला कुंकूबी लावून घ्यायची सुनंकडून." आणि मग, "मी कुनाला बोलत न्हाई. पर दुसरा आडत्या माझ्यासारखा असंल असं न्हाई. तुमी तिसरं कायतरी बगा." तिसरं काय बघायचं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना माझं भलंच करायचं होतं. मी त्यांच्या पाठीकडं बघत उभा राहिलो आणि मनात म्हटलं, या माणसाचं दुकान बुडावं.

मग ते तिसरं आपोआप आलं. जिल्हा झाल्यापासून अधिकारी बाहेरून येत होते, तसे बाजाराला नवे सचिव आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं की रुमालाखालचा सौदा कायद्यानं बंद आहे तो इथंही बंद होईल, येत्या सोमवारपासून उघडा लिलाव, बोली तोंडानं. शेतकऱ्याला कळलं पाहिजे त्याचा माल किती भावानं गेला. आप्पासाहेबांच्या गादीवर सगळे खरेदीदार जमले. चिडले होते. बापजाद्यांची रीत, हा कोण सांगणारा, भाव काय भाजी हाय का वरडून सांगायला. आप्पासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, "हात काय म्हणतो?" मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोललो. म्हणालो, रुमाल गेला की बाजाराची अब्रू गेली. बोलताना माझे दोन्ही हात मांडीवरच्या रुमालाखाली होते आणि आत, अगदी आत, मी नाचत होतो. तोंड शाबूत होतं माझं. आवाज खणखणीत होता. सोमवारपासून हाताला कुणी विचारणार नव्हतं. मी घरी आलो, नीलाबाईला म्हणालो, गोड कर काहीतरी. तिनं विचारलं, "पाऊस आलाय का कुटं?" मी म्हणालो, "त्याहून चांगलं." तिनं गुळाचा शिरा केला आणि मी पुष्कळ दिवसांनी भरपूर जेवलो. तीन दिवस मी ओट्याची पायरी चढताना मनातल्या मनात बोल्या लावत होतो. इतकी वर्षं मी माझाच भाव बोटांवर बसवला होता, बोटं गेली की मी गेलो असं समजत होतो, तर ते खरं नव्हतं, असं मला त्या तीन दिवसांत खरंच वाटलं.

सोमवारी पटांगणात ढीग लावले. थोडेच होते, पण लांबलांब, अगदी टोकापर्यंत. सचिवांचा माणूस पहिल्या ढिगाशी उभा राहिला, आम्ही खरेदीदार भोवती, आणि बाजूला शेतकरी. माझ्याबरोबर सिद्धेश्वर होता. आप्पासाहेबांच्या बहिणीचा मुलगा, तिशीचा, दोन वर्षं मिलवर यंत्रं बघत होता. मामांनी म्हटलं होतं, नवं काय आहे ते बघून ये. पहिला ढीग मी घेतला. आवाज असा लागला की मागच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. शेषेरावांनी माझ्याकडं बघून मान हलवली. दुसऱ्या ढिगाशी गेलो. लिलावात ढीग माणसाकडं येत नाही, माणूस ढिगाकडं जातो. इतकी साधी गोष्ट, आणि माझ्या ध्यानात आली नव्हती. वीस वर्षं मी आडत्यांच्या गादीवर बसून सौदे केले होते, माल मूठभर मूठभर माझ्यासमोर यायचा. आता वाकून पायाशी असलेली तूर उचलायची, दाताखाली फोडून बघायची, थुंकायची आणि चालायचं. दुसऱ्या ढिगाला मी वाकलो आणि उठताना गुडघा आखडला. तिसऱ्याशी पोचलो तेव्हा बोली सुरू झाली होती. फरशी तापली होती, चवड्यांखाली खडे ठेवल्यासारखं होत होतं, आणि आता थांबून रामराम करायला वाटेत दुकानं नव्हती, नुसतं पटांगण. घोळका पुढं सरकला. त्यांना कुणाला मुद्दाम पुढं जायचं नव्हतं, ते नुसते चालत होते, माणसं चालतात तसे. मी मागून बोली दिली. कुणी वळून पाहिलं नाही. पुन्हा दिली. तोवर पुढून सिद्धेश्वरचा आवाज आला, मिलचं नाव घेऊन, माझ्यापेक्षा एक कमी सांगत होता आणि माल त्याला सुटला. माझी बोली कुणाला ऐकूच गेली नव्हती. मी दोन ढिगांच्या मधे उभा होतो. मला बसायचं होतं. बसलो असतो तर उठलो नसतो. मी मागं वळून पाहिलं तर आप्पासाहेब, जे कधी बाजारात येत नाहीत, ते दुकानांच्या सावलीत काठी टेकून उभे होते आणि माझ्या पायांकडं बघत होते.

त्यांनी मला गादीवर नेलं. स्वतः हाताला धरलं नाही, एवढं कळत होतं त्यांना, पण माझ्या चालीनं चालले. पाणी मागवलं. पेला समोर आला आणि मी तो तसाच ठेवला. त्यांची नजर त्या पेल्यावर गेली. मग म्हणाले, "कवापासून?" मी म्हणालो, "लई दिस झाले." "सांगायचं की मला." "सांगून काय व्हनार व्हतं?" ते म्हणाले, "ते बी खरंय." बाहेर लिलावाचा गलका चालू होता, त्यात सिद्धेश्वरचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता. आप्पासाहेब म्हणाले, "उद्यापासून तो जाईल. तू इथं बस." मी म्हणालो, "इथं बसून काय करू? लिहायला बोटं न्हाईत." ते म्हणाले, "काय करू नको. लई केलंस. तू नुस्ता बसलास तरी गादीला शोभा हाय. पगाराची काळजी करू नको." मी त्यांना म्हणालो, "आप्पासाहेब, मला काढून टाका." हे मी मनापासून म्हणालो. त्यांना ते रागानं म्हटल्यासारखं वाटलं असावं, त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यांचा हात जड नव्हता. आता कुणाचाच हात माझ्यावर जड पडणार नव्हता, हे मला त्या थोपटण्यात कळलं.

मग मी रोज जाऊन नुसता बसू लागलो. लोक येताजाता मला रामराम करत, आधीपेक्षा वाकून. कुणी भाव विचारत नसे. आठवडाभरात बाजारानं आपली सोय लावून घेतली. सकाळी पटांगणात मोठमोठ्यानं लिलाव व्हायचा, सचिवांचा माणूस तो लिहून घ्यायचा, आणि त्याच्या आधी, दुकानांच्या मागच्या खोल्यांत, खरे भाव रुमालाखालीच ठरून गेलेले असायचे. मला ते कुणी सांगितलं नाही. एका दुपारी शेषेराव आमच्या गादीवर आले, माझ्याजवळच बसले, आणि सिद्धेश्वरनं खांद्यावरचा रुमाल काढून पसरला. माझ्यासमोर. रुमाल हलत होता, उंदीर शिरल्यासारखा. नवशिक्याचा हात असाच फार हलतो. शेषेरावांनी एकदा हात काढून घेतला. सिद्धेश्वरचा चेहरा पडला. माझी उजवी बोटं आपोआप मिटायला गेली, मिटली नाहीत, आणि कळ खांद्यापर्यंत गेली. रुमालाखाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. तोवर कधी हे जाणवलंच नव्हतं, की बाहेरून रुमाल म्हणजे नुसतं एक फडकं असतं. मी उठलो. कुणी विचारलं नाही कुठं निघालास. मी एरवीही दुपारी पडायला जातोच, डॉक्टरांनी सांगितलंय.

गल्लीत शिरलो तेव्हा बायका रांगेत घागरी मांडून बसल्या होत्या. टँकर यायचा होता. नीलाबाई आमच्या ओट्याच्या पायरीवर, पदर डोक्यावर, घागरीला पाय लावून. मला बघून ती सरकली. "आज लवकर आलाव?" "हाव." "बाजार न्हाई का?" "हाय की. सिद्धेश्वर हाय तितं." लिलावाच्या दिवसापासून मी तिला काही सांगितलं नव्हतं, रोज निघायच्या वेळी निघत होतो, यायच्या वेळी येत होतो. मी तिच्या शेजारी बसलो. बसताना जो आवाज तोंडातून निघतो तो निघाला, आणि तारामतीनं मान वळवून पाहिलं. मी खांद्यावरचा रुमाल सवयीनं हातांवर ओढून घेतला. नीलाबाई रुमालाकडं बघत होती. मग म्हणाली, "रुमाल कशाला आता? कोन बगतंय?" मी म्हणालो, "असू दे." मला रडू येत होतं आणि रांगेत बायका होत्या.

तिचा हात रुमालाखाली आला. इतक्या वर्षांत ती रुमालाखाली कधी आली नव्हती. दिवसाउजेडी, गल्लीत, चार बायकांदेखत ती माझा हात धरेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. तिनं आधी पंजाला हात लावला आणि मी आखडलो. तिनं तो सोडला. मग पहिलं बोट चाचपलं, सांध्यापाशी आली, थांबली, सोडलं. मधलं नुसतं लागताच सोडलं. ती घाई करत नव्हती, दुखत नाही असं कुठं काही उरलंय का ते शोधत होती, अंधारात डबे चाचपावेत तसं. शेवटी करंगळी सापडली. करंगळीला अजून काही झालेलं नाही. ती तिनं मुठीत घेतली आणि धरून बसली.

माझ्या डोक्यानं ते वाचलं. मी नको म्हणत होतो तरी वाचलं, बापानं लावलेली सवय. एक. लग्नातल्या पाचावरून एक. एवढ्या खाली आलेल्या बोलीला मी उभ्या आयुष्यात कधी थांबलो नव्हतो. नीलाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती रस्त्याच्या टोकाकडं बघत होती, टँकर येतो का ते. मी हात काढून घेतला नाही.